समुद्राच्या चिखलाची बरणी

माझ्या बाचा उजवा हात मोडला तेव्हा मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो. दोघांनी माझे हात पाठीमागे पिळून धरले होते. ओल्या लाकडावर कुऱ्हाडीची बोथट बाजू बसावी तसा बद्द आवाज आला आणि बा खाली बसला. तो ओरडला नाही. ओरडलो मी, आणि मग माझ्या कानावर काठी बसली. डाव्या कानानं मला आजही नीट ऐकू येत नाही.

हे सगळं समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवतापायी झालं. आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस मी एकटाच होतो.

कामरगाव आणि धनजच्या मधल्या रानात आमचं गाव. तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा फार नंतर झाला. गाव उंचावर आणि खालच्या अंगाला, नाल्याकाठी, आमचा बौद्धपुरा. बा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्या घरचा मुलगा माझ्याच वयाचा. बानं त्याला खांद्यावर बसवून शेतात नेलेलं, आणि पुढे आम्ही दोघं कामरगावच्या शाळेत एकाच वर्गात बसलो. शाळेत आमची दोस्ती होती. गावात आलो की ती सुटायची.

मी दहा वर्षांचा असताना, कापूस वेचायच्या दिवसांत, त्याच्या बापाच्या शेतातल्या विहिरीत मी दोर सोडला होता. तहान लागली होती, एवढंच. त्याच्या बापानं मला बैलाच्या चाबकानं पाठ फुटेस्तोवर मारलं. बा तिथेच वखर हाकत होता. त्यानं वखर थांबवला, पाहिलं, आणि पुन्हा बैल हाकले. घरी आल्यावर मायनं पाठीला हळद लावली.

मोठ्या दुष्काळात आमच्या पुऱ्याची विहीर आटली. आमच्या बाया वरच्या विहिरीवर गेल्या. गावकऱ्यांनी त्यांच्या घागरी डोक्यावरच फोडल्या. मायच्या कपाळात खापर घुसलं, त्याची खूण मरेपर्यंत राहिली. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होतो. पत्रात कोणी काही लिहिलं नाही. दिवाळीला घरी आलो तेव्हा मायचं कपाळ पाहिलं आणि विचारलं, तर ती म्हणाली, दारात पडली. खरं मला शेजारणीनं सांगितलं. पुढे जे झालं त्यात माझ्या या रागाचाही वाटा आहे, म्हणून तो इथे लिहून ठेवतो.

दुष्काळ सरल्यावर मी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर पाठवलं. तिथलं पाणी इतकं नितळ की होडीतून तळाची वाळू दिसायची. बाई सांगायच्या, नितळ पाणी म्हणजे उपाशी पाणी, त्यात कोणाला खायला काही नाही. आणि अशा पाण्याखाली हिरवंगार गवत, एकरच्या एकर. शेवाळ नव्हे, मुळं आणि फुलं येणारं खरं गवत. या गवताला खत कोण घालतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

खत घालणारे मुळांशी राहत होते. गवत उपटलं की खालून काळा चिखल निघे आणि कुजक्या अंड्यांचा वास येई. त्या चिखलातले काही जंतू पाण्यात विरघळलेल्या हवेतला नत्र पकडून मुळांना देत आणि मुळांतून झिरपणारी साखर खात. आपल्याकडे तुरीच्या मुळांवरच्या गाठी हेच काम करतात. दुसरे काही जंतू प्राणवायूशिवाय जगत, आणि तो घाण वास त्यांचा. तो वायू वाढला की गवताची मुळं जळून जात. या सगळ्यांची आपसात कापाकापी चाले. काचेच्या ताटलीत चिखलाचा थेंब पसरून ठेवला तर दोन दिवसांनी ठिपके दिसत, आणि एखाद्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल रिंगण पडलेलं असे. त्या ठिपक्यातल्यांनी आजूबाजूचे सगळे मारून टाकलेले असत. मला ते पाहायला आवडायचं.

श्रावण संपत आला होता तेव्हा मी किनाऱ्यावरून परतलो. नागपूरला पोचलो तर बाई परगावी गेलेल्या, प्रयोगशाळेला आठवडाभर कुलूप. माझ्याजवळ एक लाकडी पेटी होती. तिच्यात कापसाचे बोळे लावलेल्या काचनळ्या, त्यांत मी वेगळे काढलेले जंतू, आणि एका बरणीत गवतासकट तो काळा चिखल आणि समुद्राचं पाणी. खोलीवर ठेवून जायची हिंमत झाली नाही. म्हणून पेटी मांडीवर घेऊन मी एसटीनं अमरावती, तिथून कामरगाव असा घरी आलो आणि ती घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात, रांजणामागे, ठेवली.

बानं बरणीचं झाकण उघडून वास घेतला आणि लगेच तोंड फिरवलं. धर्मांतराच्या आधी गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांकडे होतं. बानं तरुणपणी ते केलं होतं आणि छप्पन्न साली सगळ्यांबरोबर सोडलं होतं. गावाला त्याचा राग होता, तो वीस वर्षांत पुरता गेला नव्हता.

"हा वास मी सोडला होता पोरा," बा म्हणाला. "तू कायले घेतला?"

मी त्याला जमेल तसं समजावलं. तुरीच्या गाठी त्याला ठाऊक होत्या. तूर उपटल्या रानात पुढचं पीक चांगलं येतं हे तर त्यानं मलाच शिकवलेलं. त्याला पटलं असावं, पण त्यानं बरणीजवळ जेवायला बसायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी बाला कामावर बोलवायला माझा वर्गसोबती आला. त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, दोन वर्षांची मुलगी होती. तो आमच्या दारात थांबला, नेहमीसारखा, आत न येता. मी पेटी बाहेर आणून त्याला दाखवली. मला दाखवायचीच होती. चाबकानं पाठ फोडलेला पोरगा आता काय शिकतो आहे हे त्याच्या घरात कळावं असं मला वाटत होतं. मी सांगितलं की या चिमूटभर चिखलात आपल्या सगळ्या मुलखातल्या माणसांपेक्षा जास्त जीव आहेत.

तो हसला. "जंतूच न हे? याच्यानं मानूस मरते का?"

नाही, हे खरं उत्तर होतं. पण त्यानं मला लहान वाटलं असतं. मी म्हणालो, "कोनता जंतू काय करन, काई सांगता येत नाई."

तो बरणीपासून एक पाऊल मागे सरकला. मला बरं वाटलं.

त्यानंतर तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी वरच्या गावात ओकाऱ्या आणि हगवण सुरू झाली. आधी दोन घरं, मग आळीच्या आळी. मी हेच शिकत होतो, त्यामुळे मला लगेच कळलं की विहिरीत घाण गेली आहे. मी पुऱ्यातल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं की पाणी उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका, आपल्या विहिरीचंसुद्धा. बाया ओल्या लाकडांचा धूर खात पाणी उकळत बसल्या. आमच्याकडे एकही माणूस आजारी पडलं नाही.

वर मी गेलो नाही. निरोपही पाठवला नाही. माय म्हणाली, "वर सांगाले पायजे." मी तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणालो की यांना आपण काय सांगायचं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. माझा राग दोन दिवस टिकला. त्या दोन दिवसांत वरच्या गावातली तीन माणसं गेली. तिसरी माझ्या वर्गसोबत्याची मुलगी होती.

तिला पुरलं त्याच सकाळी, दहाच्या सुमारास, ते आले. चाळीसेक माणसं, हातात काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे आणि एक-दोन कुऱ्हाडी. पुढे माझ्या वर्गसोबत्याचा बाप, त्याच्या मागे तो स्वतः. त्याच्या पायांना स्मशानातला चिखल तसाच होता. पावसामुळे आमचे गडी घरीच होते, पण सगळे मिळून पंधरा-सोळा.

त्याचा बाप बाला म्हणाला की तुझ्या पोरानं शहरातून रोगाचे जंतू आणून विहिरीत टाकले, पेटी माझ्या पोरानं स्वतः पाहिली आहे. बानं सांगितलं की पेटी घरात आहे, तिच्यातलं काही कुठे गेलं नाही. त्यावर कोणी तरी विचारलं की मग तुमच्या पुऱ्यात एकही कसा आजारी पडला नाही. मी पुढे होऊन उकळलेल्या पाण्याचं सांगू लागलो. मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. "म्हंजे याले माईत होतं," मागून कोणी तरी म्हणालं, आणि जमाव एका दमात चार पावलं पुढे आला. तेव्हाच दोघांनी मला धरलं.

बा घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बरणी होती. त्यानं झाकण काढलं, आणि तो वास सगळ्या अंगणात पसरला. पुढचे लोक नाकाला धोतर लावून मागे हटले. बानं माझ्याकडे पाहिलं.

"पोरा, याच्यानं मानूस मरते का?"

"नाई मरत," मी म्हणालो.

मला पक्कं माहीत नव्हतं. त्या चिखलात काय काय आहे हे मी अजून पुरतं तपासलंच नव्हतं. नत्र धरणारे जंतू निरुपद्रवी होते, पण चिखलातला तो वायू माणसालाही विषारी असतो, आणि किती विषारी हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी नाही म्हणालो, कारण दुसरं काही म्हणायची जागा नव्हती. बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या शिक्षणावर त्याचा जो काही विश्वास होता तो त्यानं तेव्हा वापरला. बरणी तोंडाला लावून तो घटाघट प्याला. अर्ध्यात त्याला उमासा आला, काळं पाणी मिशीवरून सदऱ्यावर ओघळलं. तोंड पुसून तो उरलेलं प्याला आणि पाणी संपलेली बरणी, तळाच्या गवत-चिखलासकट, सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"पाहा," तो म्हणाला. "मी उभा हाय."

काही वेळ खरंच कोणी हललं नाही. मागच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी काठ्या खाली टेकवल्या. मला वाटलं, संपलं. मग गर्दीतून एक जण म्हणाला, "यायले काय होते? मेलेलं खायाची सवय हाय यायची." कोणी तरी हसलं. त्या हसण्यानं सगळं सुटलं. माझा वर्गसोबती दांडा घेऊन सरळ बाच्या अंगावर आला. डोक्यावर मारायचा त्याचा बेत होता. बानं उजवा हात वर केला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माय बाच्या अंगावर आडवी पडली, तिच्या पाठीत काठ्या बसल्या. शेजारच्या म्हाताऱ्याचे दात त्याच्याच अंगणात सांडले. बकऱ्यांचे पाय कुऱ्हाडीनं तोडले. त्या खाली पडून ओरडत होत्या, आणि त्यांना मारून मोकळं करायलाही कोणी थांबलं नाही. विहाराची दारं-खिडक्या फोडल्या. काचनळ्यांची पेटी मात्र कोणी हातात घेईना. त्यांनी ती काठ्यांनी अंगणात ढकलली आणि लांबून दगडांनी फोडली. बरणी पडली तिथला चिखल एकाच्या पायाला लागला, तर तो आपला पाय मातीत घासत वेड्यासारखा किंचाळत सुटला. शेवटी माझी पुस्तकं आणि खाट त्या पेटीवर फेकून त्यांनी वर रॉकेल ओतलं. सात महिन्यांचं माझं काम दहा मिनिटं जळत होतं. मी पालथा पडलो होतो, कानातून रक्त येत होतं, आणि त्या क्षणी मला, खरं सांगतो, बापेक्षा त्या नळ्यांचं जास्त वाईट वाटलं. पुढे बरीच वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही.

दुपारी पोलीस आले. पंचनाम्यात फुटक्या काचा आणि "काळा, घाण वासाचा पदार्थ" लिहिला गेला. तो उचलायला हवालदार तयार नव्हता, मीच कागदात बांधून दिला. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस आला. वरच्या विहिरीच्या कठड्याला उकिरड्याच्या बाजूनं मोठं भगदाड पडलेलं होतं आणि पावसाचा लोंढा उकिरड्यावरून सरळ विहिरीत उतरत होता. त्यानं ते सगळ्यांना बोट करून दाखवलं, विहिरीत औषध टाकलं आणि पाणी उकळायला सांगितलं. चार दिवसांत साथ थांबली.

बाला बैलगाडीनं कामरगावला आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. प्यालेल्या चिखलानं त्याला काहीच झालं नाही, दोन दिवस तोंड खारट लागत होतं इतकंच. पण हात तिसऱ्या दिवशी सुजून काळा पडला. पट्टी सोडली तेव्हा घाण वास आला. मी डॉक्टरांच्या आधी समजलो. प्राणवायूशिवाय जगणारे जंतू जखमेत शिरले होते आणि मांस आतून खात होते. हात कोपराच्या वरून कापावा लागला.

मी डॉक्टरांना विचारलं की ते कुठून आले असतील. ते म्हणाले, अंगणातल्या मातीतून, शेणातून, ते सगळीकडे असतात. मी विचारलं, समुद्राच्या चिखलातून येऊ शकतील का? बाच्या हाताला तो लागला होता. त्यांनी खांदे उडवले. पुढे मी या विषयात उभं आयुष्य घालवलं. मला वाटतं डॉक्टर बरोबर होते. पण वाटतं, इतकंच म्हणता येतं.

नागपूरला मी बाईंना सांगितलं की नळ्या प्रवासात फुटल्या. त्यांनी माझ्या कानाच्या पट्टीकडे पाहिलं आणि जास्त विचारलं नाही. हिवाळ्यात मी पुन्हा किनाऱ्यावर गेलो आणि सगळं पहिल्यापासून केलं.

खटला दीड वर्षानं तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला. आरोपींच्या वकिलानं मला एकच गोष्ट तीनदा विचारली. बरणीत जंतू होते की नव्हते? होते. जिवंत? जिवंत. मी पुढे काही बोलू लागलो की तो म्हणायचा, फक्त हो किंवा नाही सांगा. सगळ्या आरोपींना त्यानं एकच पढवलं होतं, आम्ही त्या दिवशी गावातच नव्हतो. एकामागून एक सगळे तसं म्हणाले. माझ्या वर्गसोबत्याची पाळी आली. तो बाच्या लोंबत्या बाहीकडे पाहत होता. तो म्हणाला की मी होतो, आणि हात मीच मोडला. वकील त्याला आवरायला उठला. त्यानं तेच पुन्हा सांगितलं.

बाकीचे संशयाचा फायदा मिळून सुटले. शिक्षा त्याला एकट्याला झाली. कोर्टाच्या बाहेर त्याचा बाप त्याच्या तोंडात मारत होता, आणि तो मार खात उभा होता. बा म्हणाला, "चाल, गाडी जाईन." वाटेत बा एवढंच म्हणाला की त्या पोरानं खोटं सांगितलं नाही.

तो सुटून आल्यावर मला एकदाच भेटला, कारंज्याच्या एसटी स्टँडवर, भर दुपारी. तो खूप वाळला होता. माझ्या शेजारी बाकावर बसला. शाळेनंतर तो असा कधीच बसला नव्हता. समोरच्या गाड्यांकडे पाहत त्यानं बाची तब्येत विचारली. मी सांगितलं की डाव्या हातानं बकऱ्या राखतो, जेवताना चिडतो.

"तुह्या बानं थे पाणी पेलं," तो म्हणाला. "मले दिसून राह्यलं होतं, थो जित्ता उभा हाय. तुही काई चुकी नाई हे मले तवाच समजलं होतं. समजूनच मारलं."

मी म्हणालो, "मले माईत होतं, पाणी उकळा लागते. दोन दिवस माईत होतं. मी वर सांगाले आलो नाई."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, हा आता पुन्हा मारणार, आणि मी हात वर करायचा नाही असं ठरवलं. त्याचा जबडा हलत होता. त्यानं विचारलं, उकळलेलं पाणी दिलं असतं तर पोरगी जगली असती का? मी म्हणालो की पहिल्याच दिवशी दिलं असतं तर कदाचित. मीठ-साखर घालून, घोट घोट पाजत राहिलं असतं तर.

"मीठ-साखर," तो म्हणाला. ते दोन्ही त्याच्या घरात पोत्यानं होतं.

कामरगावची गाडी लागली. आम्हा दोघांनाही तीच गाडी होती. तो पुढच्या दारानं चढला, मी मागच्या. गाडी भरलेली होती, सगळा रस्ता आम्ही उभेच होतो.